घराजवळच्या भूछत्रांचे फोटो कसे काढावेत

भूछत्राचा फोटो बहुतेक जण उभ्यानेच काढतात, वरून खाली मोबाइल धरून. फोटोत टोपीचा एक गोल येतो. दांडा दिसत नाही, टोपीखाली काय आहे ते कळत नाही, आणि ते मातीत उगवलंय की कुजक्या लाकडावर, तेही समजत नाही. असा फोटो पाहायला सपाट वाटतो आणि जाणकाराला दाखवला तर तोही नाव सांगू शकत नाही. या दोन्ही अडचणींचा उपाय एकच आहे: खाली उतरायचं आणि टोपीच्या खालची बाजू टिपायची. ती जमली की महागडा कॅमेरा नसला तरी फोटो बोलायला लागतो. पुढे जे लिहिलंय ते मोबाइलवाल्यांसाठीही आहे आणि कॅमेरावाल्यांसाठीही. जिथे फरक पडतो तिथे तो वेगळा सांगितला आहे.

कधी जायचं, कुठे पाहायचं

आपण ज्याला भूछत्र किंवा अळंबी म्हणतो, तो कवकाचा फक्त वर आलेला भाग. खरं कवक म्हणजे मातीत, पाल्यात किंवा लाकडात पसरलेलं बारीक धाग्यांचं जाळं. ते आतच असतं आणि ओल व तापमान जुळलं की बीजाणू पसरवण्यासाठी भूछत्र वर काढतं. त्यामुळे एका ओंडक्यावर या वर्षी भूछत्रं दिसली, तर पुढच्या हंगामात त्याच ओंडक्यावर पुन्हा दिसायची चांगली शक्यता असते. घराजवळच्या वाटेचा मोठा फायदा हाच. जागा मोबाइलच्या नकाशावर खूण करून ठेवा.

चांगला पाऊस झाल्यावर काही जाती एका रात्रीत उगवतात, काहींना आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून पावसानंतर एकदाच जाऊन येण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी त्याच वाटेवर चक्कर मारलेली बरी. वेळ शक्यतो सकाळची. पॅरासोला प्लिकॅटिलिससारखी कागदाहून पातळ टोपीची छत्री रात्रीतून उघडते आणि ऊन चढलं की दुपारपर्यंत मान टाकते. शाईछत्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोप्रिनससारख्या जातींची टोपी कडेपासून स्वतःच विरघळत जाते आणि काळ्या थेंबांनी गळते. अशा जातींच्या बाबतीत ‘येताना काढू’ म्हणून पुढे गेलात, तर येताना तिथे काळा चिखल सापडेल. सकाळी लवकर गेलं की गोगलगायींनी कुरतडायच्या आधीची टोपीही मिळते आणि वाराही कमी असतो.

पाहायच्या जागा: पडलेले ओंडके, जुने बुंधे, झाडाच्या मुळांचा परिसर, पाल्याचा थर, हिरवळ, बागेत पसरलेला लाकडाचा चुरा, जुनं शेण. एक भूछत्र दिसलं की लगेच कॅमेरा काढू नका. तिथेच खाली बसा आणि बसल्या उंचीवरून आजूबाजूला पाहा. उभ्याने दिसली नव्हती अशी आणखी चार-पाच नक्की दिसतील, आणि कदाचित त्यातलंच एखादं फोटोला जास्त चांगलं असेल. शिवाय कुठे पाय ठेवायचा नाही हेही कळेल. स्वित्झर्लंडमध्ये २९ वर्षे चाललेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की भूछत्रं तोडल्याने पुढच्या वर्षांच्या उगवणीवर परिणाम झाला नाही, पण माणसांनी जमीन तुडवली तिथे भूछत्रांची संख्या घटली. म्हणजे आपल्या हातांपेक्षा आपले पाय जास्त नुकसान करतात. फोटोसाठी आडवं पडण्याआधी आपल्या कोपराखाली आणि गुडघ्याखाली काय आहे ते पाहून घ्या. ओंडक्याखाली किंवा पाल्यात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. तिथे विंचू, साप, मुंग्या कोणीही असू शकतं.

सुरुवातीच्या सरावासाठी नाजूक छत्र्यांच्या मागे लागू नका. झाडाच्या खोडावर फळीसारखी वाढणारी कडक कवकं महिनोन्महिने तशीच राहतात. त्यांच्यावर कोन, प्रकाश, फोकस सगळं सावकाश करून पाहता येतं.

पिशवीत काय असावं

गुडघ्याखाली घ्यायला जाड प्लॅस्टिकचा तुकडा. एक मऊ, बारीक ब्रश आणि चिमटा. हातात मावेल एवढा छोटा आरसा. पांढऱ्या जाड कागदाची घडी, तिच्या एका बाजूला चॉकलेटच्या वेष्टनातली चांदी चिकटवलेली. मोजपट्टी. पाण्याची छोटी फवारणीची बाटली. कॅमेरा टेकवायला धान्य किंवा वाळू भरलेली कापडी पिशवी. कागदी पाकिटं किंवा झाकणाचा एखादा डबा. छत्री.

यातला आरसा फार कामाचा. टोपीच्या खाली तिरका धरला की कल्ले (टोपीच्या खालच्या बाजूचे पातळ, पानांसारखे पडदे) आहेत की छिद्रं, ते भूछत्राला हात न लावता दिसतं. नजर आणि लेन्स दोन्ही आरशात वळवून फोटोही काढता येतो. ज्या ठिकाणी काही तोडायला मनाई आहे तिथे खालची बाजू टिपायचा हाच सोपा मार्ग.

ट्रायपॉड असेल तर तो असा असावा, ज्याचे पाय जमिनीला जवळजवळ समांतर उघडतात. मधला खांब उंच असलेला ट्रायपॉड इथे निरुपयोगी, कारण आपल्याला कॅमेरा जमिनीपासून वीतभरसुद्धा वर नको असतो. अशा वेळी धान्याची पिशवीच बरी.

हात लावण्याआधीचे दोन फोटो

पहिला फोटो पूर्ण परिसराचा. मागचं झाड, आजूबाजूचा पाला, ओंडक्याची जाडी, सगळं त्यात यावं. हा फोटो दिसायला साधा असतो, म्हणून तो कोणी काढत नाही, आणि नंतर ओळख पटवताना याचीच उणीव सगळ्यात जास्त भासते. अनेक कवकांचं ठरावीक झाडांच्या मुळांशी नातं असतं. झाड कोणतं ते कळलं की निम्म्या शक्यता बाद होतात. झाडाचं एखादं पान भूछत्राजवळ पडलेलं असेल तर तेही चौकटीत येऊ द्या.

दुसरा फोटो भूछत्र जसं आहे तसं, काहीही न साफ करता. टोपीवरची माती, चिकटलेलं पान, वर बसलेला किडा, सगळ्यासकट. काही जातींच्या टोपीवर पांढरे खवले किंवा चिंध्या असतात आणि त्या ब्रशने सहज निघून जातात. लाल टोपी आणि पांढरे ठिपके म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं अमानिता मस्कारिया घ्या: त्याचे ठिपके जोराच्या पावसानेसुद्धा धुऊन जातात. साफसफाईत एखादी ओळखीची खूण गेली, तरी या फोटोत ती राहते.

खाली उतरा

आता मुख्य फोटो. लेन्स टोपीच्या कडेच्या पातळीवर किंवा त्याहून थोडी खाली आणा. एवढं केलं की दांडा दिसतो, त्यावरचं कडं दिसतं, कल्ल्यांची सुरुवात दिसते, आणि दोन इंचांचं भूछत्र उंच दिसायला लागतं. मागे पाल्याच्या जागी दूरची हिरवाई येते.

मोबाइलवाल्यांसाठी एक साधी युक्ती: मोबाइल उलटा धरा. लेन्स वरच्या कोपऱ्यात असते. मोबाइल उलटा केला की ती जमिनीला जवळजवळ टेकते. पडद्यावर पाहायला मान वाकडी करायची गरज नाही, फोटो नंतर सरळ करता येतो. कॅमेऱ्याला फिरणारा पडदा असेल तर तो वर उघडा आणि पोटावर न झोपता वरून पाहा.

कोन ठरवताना भूछत्राभोवती हळूहळू अर्धं वर्तुळ फिरा आणि भूछत्राकडे न पाहता त्याच्या मागे काय येतंय ते पाहा. हे फार कमी जण करतात. टोपीच्या बरोबर मागे उजळ आकाशाचा तुकडा आला, की नजर तिकडेच जाते. बोटभर डावीकडे सरकलं की तिथे सावलीतलं खोड येतं आणि तीच टोपी उठून दिसते. फिकट भूछत्रासाठी गडद पार्श्वभूमी, तपकिरी भूछत्रासाठी फिकट हिरवी. मागची झाडी जितकी दूर, तितकी ती धूसर होते.

घोळक्यात उगवलेली असतील तर सगळी चौकटीत कोंबू नका. एक मोठं, एक अर्धवट उघडलेलं आणि एक बंद कळीसारखं असे तिघे एकत्र मिळाले, तर तो फोटो भूछत्राच्या वाढीची गोष्टच सांगतो. टोप्या एकमेकींना झाकणार नाहीत अशा कोनातून पाहा. समोरून झाकत असतील तर थोडं बाजूला सरकलं की मधे फट मिळते.

चौकटीची साफसफाई, पण जपून

भूछत्राच्या पुढे आडवं आलेलं वाळकं पान, सुटी काडी, गवताचं मेलेलं पातं चिमट्याने बाजूला करा. टोपीवरची माती ब्रशने झाडा. जिवंत गवत उपटण्याऐवजी वाकवून काडीखाली दाबून ठेवा आणि काम झाल्यावर सोडा. शेवाळ खरवडू नका, ओंडका उलटा करू नका. उलटवलाच तर जसा होता तसा परत ठेवा. त्याखाली राहणाऱ्यांसाठी तो घराचं छप्पर असतो.

भूछत्र उपटून दुसऱ्या सुंदर शेवाळावर नेऊन ठेवलेले फोटो पुष्कळ दिसतात. मला ते पटत नाही. लाकडावर उगवणारी जात मातीत दाखवली की फोटो खोटं बोलतो, आणि तो पाहून शिकणाऱ्याची दिशाभूल होते.

शेवटी फोटो काढण्याआधी चारही कोपऱ्यांवर एकदा नजर फिरवा. मधोमध पाहायची सवय इतकी असते की कोपऱ्यातली पांढरी काडी घरी गेल्यावरच दिसते.

प्रकाश

ढगाळ दिवस भूछत्रांसाठी सगळ्यात चांगला. प्रकाश चहूबाजूंनी सारखा येतो, टोपीची वरची बाजू फटफटीत होत नाही आणि खालची काळी पडत नाही. ऊन असेल तर झाडांच्या पानांतून येणारे उन्हाचे ठिपके ही मोठी डोकेदुखी. टोपीवर एक ठिपका पडला तरी तो भाग पांढरा होऊन जातो. उपाय छत्रीचा: भूछत्रावर छत्रीची सावली धरा. पांढरी किंवा अर्धपारदर्शक छत्री असेल तर उत्तम, कारण तिच्यातून मऊ प्रकाश झिरपतो. रंगीत छत्री मात्र टाळा, तिचा रंग टोपीवर उतरतो.

यानंतरही टोपीखालचा भाग अंधारा राहतोच. इथे ती चांदी लावलेली कागदाची घडी काढा आणि भूछत्रासमोर, चौकटीच्या बाहेर, जमिनीवर तिरकी धरा. ती पुढे-मागे हलवत पडद्यावर पाहा. एका ठरावीक कोनात कल्ले एकदम उजळतात. चांदीचा उजेड कडक वाटला तर घडी उलटी करून पांढरी बाजू वापरा. छोटा एलईडी दिवा असेल तर तोही चालतो, पण त्यावर पातळ पांढरा कागद धरा.

पातळ टोपीच्या छत्र्यांसाठी मागून येणारा प्रकाश वापरून पाहा. सकाळचं तिरपं ऊन भूछत्राच्या मागे येईल असं बसा. टोपी आतून पेटल्यासारखी दिसते आणि कल्ल्यांच्या रेषा वरूनही मोजता येतात. लेन्सवर थेट ऊन पडू नये म्हणून वर हाताची सावली धरा.

कॅमेऱ्यावरचा थेट फ्लॅश नको. ओल्या टोपीवर त्याचा पांढरा डाग पडतो आणि मागचं सगळं काळं होतं. तो डाग नुसत्या दिवसाच्या उजेडातही पडतो. त्यासाठी पोलरायझर फिल्टर उपयोगी. फिल्टर फिरवत गेलं की ओल्या टोपीवरची आणि पानांवरची चमक कमी होते आणि खालचा खरा रंग दिसतो. तो प्रकाशही बराच खातो, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं.

दाट झाडीखाली सगळ्यावर हिरवट झाक येते. डोळ्यांना ती जाणवत नाही, फोटोत पांढरं भूछत्र मात्र पिस्त्याच्या रंगाचं दिसतं. चौकटीत एक फोटो पांढऱ्या किंवा करड्या कागदासकट काढून ठेवा. घरी त्या कागदावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, जुळवता येतो. रॉ प्रकारात (प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) फोटो काढायची सोय असेल तर ती चालू ठेवा.

आणखी एक गोष्ट, जिच्यात बरेच फोटो बिघडतात. कॅमेरा सगळी चौकट सरासरी करड्या उजेडाची धरून चालतो. गडद पाल्यात छोटं पांढरं भूछत्र असेल, तर अंधार जास्त आहे असं समजून तो उजेड वाढवतो आणि टोपी करपते. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, उणे दोन-तृतीयांश ते उणे एकपर्यंत खाली आणा. याउलट पांढऱ्या टोपीने जवळजवळ सगळी चौकट भरली असेल तर कॅमेरा ती काळवंडवतो. तिथे थोडं अधिक करावं लागतं. मोबाइलमध्ये टोपीवर बोट टेकवून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात, मग बोट खाली ओढून उजेड कमी करा.

फोकस आणि खोली

जवळून फोटो काढताना स्पष्ट दिसणारा भाग किती पातळ असतो, याचा अंदाज आकड्यांवरून येतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर मॅक्रो (अगदी जवळून काढायच्या) लेन्सने एकास एक प्रमाणात, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी येईल अशी, एफ/८ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) फोटो काढला तर साधारण एक मिलिमीटर एवढाच भाग धारदार येतो. प्रमाण निम्मं केलं, म्हणजे थोडं मागे सरकलं, तर तो जवळजवळ तीन मिलिमीटर होतो. म्हणून लहान भूछत्रासाठी उगाच जास्त जवळ जाऊ नका. थोडं लांबून काढून नंतर कापलेला फोटो पुष्कळदा चांगला येतो.

फोकस कुठे ठेवायचा? बाजूने काढताना आपल्याकडच्या टोपीच्या कडेवर, जिथे कल्ले सुरू होतात तिथे. खालून काढताना दांडा आणि कल्ले जिथे मिळतात तिथे. कल्ले दांड्याला चिकटलेले आहेत, त्यावरून खाली उतरलेले आहेत की मोकळे आहेत, हे तिथेच कळतं आणि ओळखीसाठी ते फार महत्त्वाचं असतं.

कॅमेऱ्यावर एफ/८ ते एफ/११ ही सुरक्षित जागा. एफ/२२ केलं तर खोली वाढते, पण प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळाच फोटो मऊ पडतो. भूछत्र हलत नाही, म्हणून आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) १०० ते ४०० ठेवून शटर अर्धा किंवा एक सेकंद उघडं ठेवायला हरकत नाही. कॅमेरा मात्र टेकवलेला हवा, दोन सेकंदांचा टायमर लावलेला हवा आणि वारा पडलेला हवा. लांब, केसासारख्या दांड्याची मायसेना किंवा मॅरॅस्मियस वाऱ्याच्या झुळकीने सतत डुलते. तिथे आयएसओ वाढवण्याला पर्याय नाही, किंवा वाऱ्याच्या बाजूला छत्री आडवी ठेवा.

टोपीपासून बुडापर्यंत सगळं धारदार हवं असेल तर फोकस स्टॅकिंग करा. कॅमेरा न हलवता, उजेड आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून, फोकस सगळ्यात जवळच्या बिंदूपासून थोडा थोडा मागे नेत फोटो काढायचे. दहा ते तीस पुरतात. मग हेलिकॉन फोकस, झिरीन स्टॅकर किंवा फोटोशॉपमध्ये ते एकत्र करायचे. अनेक नव्या कॅमेऱ्यांत फोकस ब्रॅकेटिंगची सोय असते, ती हे काम आपोआप करते. मधे एखादी मुंगी टोपीवर चालली तर ती एकत्र केलेल्या फोटोत दहा ठिकाणी दिसेल. ती जाईपर्यंत थांबा.

मोबाइलमध्ये पोर्ट्रेट मोड इथे वापरू नका. तो पार्श्वभूमी हिशोबाने धूसर करतो आणि बारीक दांडे, टोपीच्या झालरी त्यातच पुसून टाकतो. मॅक्रो मोड बऱ्याच मोबाइलमध्ये रुंद लेन्स वापरतो, त्यामुळे अगदी जवळ जावं लागतं आणि मोबाइलचीच सावली टोपीवर पडते. दोन-चार मिलिमीटरच्या गोष्टींसाठी तो ठीक. बोटभर उंचीच्या भूछत्रासाठी दुप्पट झूम लावून हातभर लांबून काढलेला फोटो जास्त नैसर्गिक दिसतो.

ओळखीसाठी लागणारे फोटो

सुंदर फोटो मिळाला की उठून जायचा मोह होतो. आणखी दोन मिनिटं द्या. टोपी वरून, पूर्ण भूछत्र बाजूने, खालची बाजू, दांड्याचं बूड, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून एक. पट्टी टोपीच्या पातळीवर धरा. लांब मागे ठेवली तर माप चुकीचं दिसतं.

बुडाचा फोटो सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. अमानिता गटातल्या अनेक जातींच्या बुडाशी वाटीसारखी पिशवी असते आणि ती मातीत गाडलेली असते. जगातलं अतिशय घातक भूछत्र, अमानिता फॅलॉइडिस, याच खुणेने ओळखू येतं. भूछत्र वरून खुडलं की पिशवी मातीतच राहते. तोडायला परवानगी असेल आणि तिथे बरीच भूछत्रं असतील, तरच एक घ्या. बाजूची माती चाकूने सैल करून ते बुडासकट अलगद वर काढा. आडवं ठेवून फोटो काढा.

मग ते उभं चिरा. दांडा पोकळ आहे की भरीव, कल्ले दांड्याला कसे जोडलेत, आतला गर कोणत्या रंगाचा, हे एका फोटोत येतं. कॅमेरा आधीच तयार ठेवा. टोपीखाली छिद्रं असलेल्या काही बोलीट जातींचा पिवळा गर चिरताक्षणी निळा पडायला लागतो. चिरल्याबरोबर एक आणि मिनिटाने एक असे दोन फोटो घ्या. लॅक्टेरियसच्या कल्ल्यांना टोचलं की दुधासारखा चीक येतो. त्याचा थेंब सुकायच्या आत टिपा. वासाचा फोटो येत नाही, तो मोबाइलवर बोलून नोंदवा: पिठासारखा, मुळ्यासारखा, बदामासारखा, जसा वाटेल तसा.

भूछत्राला हात लावल्याने सहसा विषबाधा होत नाही. पोटात गेलं तर होते. तरी नंतर हात धुवा आणि चिरलेले तुकडे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. फोटोवरून किंवा ॲपने सांगितलेल्या नावावरून कोणतंही भूछत्र खाऊ नका. फॅलॉइडिसमधलं विष शिजवून जात नाही आणि लक्षणं बहुधा सहा तासांनंतर सुरू होतात. तोवर यकृताला इजा व्हायला लागलेली असते.

बीजाणूंचा ठसा

घरी आणलेल्या त्या चिरलेल्या भूछत्राचा एक अर्धा भाग घ्या आणि त्याचा दांडा कापा. निम्मा पांढरा आणि निम्मा काळा असा कागद घेऊन त्याच्या मध्यावर टोपी कल्ले खाली करून ठेवा. टोपीवर पाण्याचा एक थेंब सोडा, वर पेला उपडा घाला आणि रात्रभर हलवू नका. सकाळी टोपी उचलली की कल्ल्यांच्या रेषांचं चित्र कागदावर उमटलेलं असतं. पांढरे बीजाणू काळ्या भागावर दिसतात, गडद बीजाणू पांढऱ्या भागावर.

रंगाला मोठं महत्त्व आहे. अमानिताचा ठसा पांढरा, अगॅरिकसचा चॉकलेटी, एंटोलोमाचा गुलाबी, शाईछत्र्यांचा काळा. हिरवळीवर उगवणाऱ्या क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसचा ठसा हिरवट येतो. विषारी असलेलं हे भूछत्र दिसायला खाण्याच्या जातींसारखं असतं आणि हिरवा ठसा ही त्याची पक्की खूण. ठशाचा फोटो खिडकीतल्या दिवसाच्या उजेडात, अगदी वरून काढा. पिवळ्या दिव्याखाली काढलात तर नेमका रंगच चुकतो.

गॅनोडर्मासारख्या फळीकवकांच्या बाबतीत हे करायचीही गरज नसते. त्यांच्या टोपीवर आणि खालच्या पानांवर कोकोसारखी तपकिरी भुकटी साचलेली असते, तिचाच फोटो घ्या.

त्याच जागी पुन्हा

एका भूछत्राचा एक फोटो हा त्याच्या आयुष्यातला एक क्षण असतो. कळीच्या वेळी टोपी आणि दांडा जोडणारा पातळ पडदा दुसऱ्या दिवशी फाटून कड्यासारखा दांड्यावर राहतो. अगॅरिकसचे गुलाबी कल्ले काही दिवसांत गडद तपकिरी होतात. काहींचा ओल्या टोपीचा रंग सुकल्यावर इतका बदलतो, की दोन वेगळ्या जाती वाटाव्यात. घराजवळची जागा असेल तर हे सगळं टिपता येतं. आधीचा फोटो मोबाइलवर उघडून तोच कोन, तीच उंची जुळवा. जमिनीत एक छोटी काडी रोवून ठेवली की कॅमेऱ्याची जागा लगेच सापडते.

यासाठी एक जात खास सुचवतो: स्किझोफायलम कम्यून. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत, मेलेल्या लाकडावर ती आढळते. एक ते चार सेंटीमीटरचा पंखा, वरून करडा-पांढरा आणि लवदार. खाली पाहिलं तर प्रत्येक कल्ला कडेला लांबीच्या दिशेने दुभंगलेला. कोरड्या दिवसांत या फटी उघडून दोन्ही अर्धे आत वळतात आणि बीजाणू तयार करणारा भाग झाकून घेतात. पाऊस पडला की ते पुन्हा सरळ होतात. कोरड्या दिवशी आरसा लावून खालच्या बाजूचा फोटो काढा. मग पावसाच्या दुसऱ्या दिवशी तोच पंखा, त्याच कोनातून. मॅक्रोचा सराव, आरशाचा सराव आणि कवकाचं काम कसं चालतं ते पाहणं, तिन्ही एका फांदीवर होतं. कोरडी फांदी मिळाली आणि पाऊस लांबला असेल तर पिशवीतली फवारणीची बाटली काढा आणि काही तासांनी परत या.

पक्ष्याच्या घरट्यासारख्या सायथसच्या वाट्या सापडल्या तर त्याही सोडू नका. वाटी सेंटीमीटरभरही रुंद नसते, आत मसुरीसारखी चपटी ‘अंडी’ असतात. पावसाचा थेंब वाटीत पडला की ती अंडी उडून दूर जातात. त्यामुळे भरलेली वाटी आणि रिकामी वाटी शेजारी शेजारी मिळतात. दोन्ही एका चौकटीत घ्या. फोटो अगदी वरून नको, थोडा तिरपा काढा, म्हणजे वाटीची खोली दिसते.

घरी आल्यावर

आधी व्हाइट बॅलन्स, मग उजळ भाग थोडे खाली, सावल्या थोड्या वर. एवढं पुष्कळ. रंग भडक करू नका; भूछत्राच्या बाबतीत रंग हा शोभेचा भाग नाही, पुरावा आहे. भिंतीवर लावायच्या फोटोतून एखादी काडी पुसली तर बिघडत नाही, पण नोंदीसाठीचे फोटो जसेच्या तसे राहू द्या.

एका भूछत्राचे सगळे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. नावात तारीख आणि जागा, सोबत दोन ओळींची नोंद: कशावर उगवलं, जवळ कोणतं झाड, वास, चिरल्यावर रंग बदलला का, ठशाचा रंग. भूछत्राचं नाव फोल्डरला सुरुवातीलाच देऊ नका. चुकीचं नाव एकदा पडलं की आपण पुढचे सगळे फोटो त्याच नावाच्या चष्म्यातून पाहतो.

ओळखीसाठी २००८ मध्ये सुरू झालेलं आयनॅचरलिस्ट किंवा केवळ कवकांसाठी असलेलं मशरूम ऑब्झर्व्हर ही नोंदी टाकून इतरांकडून ओळख मिळवायची संकेतस्थळं वापरता येतात. एकाच भूछत्राचे सगळे फोटो एकाच नोंदीत घाला. वेगवेगळ्या नोंदी केल्या तर पाहणाऱ्याला ते वेगळे वाटतात. खालच्या बाजूचा फोटो दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, म्हणजे तो लगेच नजरेस पडतो. दुर्मीळ वाटणाऱ्या जातीची नेमकी जागा झाकून ठेवा. संगणकाने सुचवलेलं नाव ही फक्त सुरुवात समजा. कित्येक कवकं सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहिल्याशिवाय किंवा डीएनए तपासल्याशिवाय जातीपर्यंत ओळखता येत नाहीत, म्हणून प्रजातीच्या (जातीच्या वरच्या गटाच्या, उदाहरणार्थ नुसतं ‘अमानिता’) नावावर थांबावं लागलं तरी ती नोंद पूर्ण आहे. कोणी ‘बुडाचा फोटो आहे का?’ किंवा ‘लाकूड कोणतं होतं?’ असं विचारलं, तर फोल्डरमधला तो साधा फोटो आणि त्या दोन ओळी लगेच जोडा. ओळख बहुतेक वेळा तिथूनच पुढे सरकते.